वीस घनइंचांचं इंजिन खरंच ताशी ६० मैल पळायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विस्कॉन्सिनमधल्या तुमच्या शेजारच्या आजोबांनी गॅरेज रिकामं करताना मर्क्युरीचं 'मार्क २०एच' हे जुनं शर्यतीचं इंजिन आणि एक लाकडी हायड्रोप्लेन, म्हणजे पाण्यावर जेमतेम टेकून पळणारी शर्यतीची हलकी बोट, तुम्हाला देऊन टाकलं. ते सांगतात की पन्नाशीच्या दशकात या जोडीवर ते ताशी ६० मैलांनी पळायचे, काठावर एरंडेलाचा वास भरलेला असायचा आणि शर्यत घड्याळाकडे बघत सुरू व्हायची. तुमच्या मासेमारीच्या बोटीवरचं आजचं २० अश्वशक्तीचं इंजिन मात्र २२ मैलांच्या पुढे जात नाही. मग आजोबा थापा मारतायत का? आणि हे इंजिन चालू करून बघावं का?

मी इकडे अमेरिकेत आलो डिझेल इंजिनांच्या नोकरीसाठी. जुन्या आऊटबोर्डांचा, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायच्या इंजिनांचा, नाद नंतर लागला आणि निवृत्तीनंतर शर्यतीची जुनी इंजिनं खोलणं-जोडणं हेच काम झालं. ज्यांची इंजिनं माझ्या बाकावर येतात, त्यातले बरेच जण स्वतः शर्यतीत उतरलेले. त्यामुळे आठवणी भरपूर ऐकल्यात आणि त्या तपासायची सवयही लागली आहे. माझा अनुभव असा की ही माणसं आकडा सहसा फुगवत नाहीत. आकड्याबरोबरची माहिती मात्र गाळतात. बोट कुठली, वर्ग कुठला, इंधन काय, वेग मोजला कसा, हे त्यांना इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायची गरजच वाटत नाही. म्हणून 'खरं की खोटं' यापेक्षा '६० कशाचे' हे विचारलंत तर उत्तर सापडेल.

आधी हिशेब करू. प्रोपेलरचा पिच म्हणजे एका फेरीत तो पाण्यात किती इंच पुढे सरकायला हवा तो आकडा. मिनिटाच्या फेऱ्या गुणिले पिच, भागिले १०५६, की ताशी मैलांत सैद्धांतिक वेग मिळतो. तुमच्या मासेमारीच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) साधारण दोन फेऱ्यांना प्रोपेलर एकदा फिरतो. क्रँकच्या ५५०० फेऱ्या धरल्या तर प्रोपेलरच्या २७५० झाल्या. पिच १० इंच धरा. २६ मैल आले. त्यातून पाण्यातली घसर १५ टक्के वजा करा, २२ राहिले. तुमचाच आकडा!

आता शर्यतीचं इंजिन घ्या. त्याचा खालचा भाग (पाण्यातला, गिअर आणि प्रोपेलर असलेला), ज्याला मर्क्युरीवाले 'क्विकसिल्व्हर' म्हणायचे, साध्या इंजिनाच्या खालच्या भागापेक्षा बारीक, टोकदार आणि गिअरचं प्रमाण जवळजवळ एकास एक. क्रँक ६००० फिरला तर प्रोपेलरही तेवढाच. पिच १२ इंच धरला तर ६८ मैल येतात. अर्धवट पाण्याबाहेर फिरणाऱ्या धारदार दोन पात्यांच्या प्रोपेलरला चांगल्या बोटीवर दहा टक्के घसर धरली तरी ६१. म्हणजे आजोबांचा ६० हा आकडा गणितात बसतो.

पण गणितात बसला म्हणून इंजिनाला तो पेलेलच असं नाही. बारा इंची पिचचा प्रोपेलर ६००० ने फिरवायला ताकद लागते, आणि या इंजिनाकडे ती फार नाही. साध्या 'मार्क २०'ची जाहीर शक्ती १६ अश्वशक्ती होती. 'एच'ची त्याहून जास्त, पण तुमच्या आजच्या इंजिनाशी तुलना केली तर थक्क व्हावं असं काही नाही. सगळी जादू बोटीत आहे. ती बोट दोन माणसं हातांनी उचलून पाण्यात ठेवतात. पुढे दोन बाजूंना दोन पाय असतात, त्यांना स्पॉन्सन म्हणतात. वेग आला की बोट त्या दोन स्पॉन्सनांच्या टोकांवर आणि मागे प्रोपेलरवर टेकते, बाकी सगळा तळ हवेत. तीन जागी टेकणाऱ्या या बोटींची कल्पना तीसच्या दशकात न्यू जर्सीच्या व्हेंटनॉर कारखान्याने मोठ्या इनबोर्ड (इंजिन आत बसवलेल्या) बोटींत यशस्वी केली. छोट्या आऊटबोर्डांमध्ये ती दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. पाण्याला घासणारा भाग फारसा उरला नाही, की रोधही फारसा उरत नाही. सपाट तळाच्या मासेमारीच्या बोटीची आणि हिची तुलना करणं म्हणजे बैलगाडी आणि सायकल एकाच बैलाला जुंपून बघण्यासारखं आहे.

इंजिन किती उंचीवर बसवायचं हेही त्यातच आलं. प्रोपेलरच्या शाफ्टचं केंद्र तळापेक्षा जेमतेम इंचभर खाली ठेवायचे. त्याहून वर घेतलं तर वळणावर प्रोपेलर हवा पकडतो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागच्या जागी बसते. खाली घेतलं तर वेग जातो. मागच्या फळीवर पातळ पट्ट्या घालून ही उंची बदलत बसणं हा शनिवारचा उद्योग आणि रविवारी शर्यत. माझ्याकडे आलेल्या एका पेटीत पट्ट्यांचा आख्खा जुडगा निघाला होता. प्रत्येकीवर पेन्सिलीने तळ्याचं नाव लिहिलेलं, कारण शांत तळ्याची उंची वेगळी आणि लाटांच्या पाण्याची वेगळी. आजोबांच्या पेटीत असं काही असेल तर फेकू नका, इंजिनाइतकंच ते मोलाचं आहे.

आता वेग मोजला कसा, ते बघा. त्या काळी दोन वेगवेगळे विक्रम असायचे. एक सरळ धावेचा: मोजलेल्या अंतरावर एकदा जायचं, लगेच उलट दिशेने परत यायचं आणि दोन्हींची सरासरी. वारा आणि प्रवाह यांचा फायदा त्यात कटतो. दुसरा शर्यतीतला: लंबगोल मार्गावर पाच मैल, वळणांसह. वळणांवर वेग पडतो, म्हणून तेच इंजिन आणि तीच बोट सरळ धावेत ६० च्या आसपास गेली, तरी पाच मैलांच्या सरासरीत बरीच खाली उतरते. एका म्हाताऱ्याला सरळ धावेचा आकडा आठवतो, त्याच्या मित्राला शर्यतीतला. दोघं एकमेकांना खोटारडे म्हणत बसतात आणि दोघंही खरं बोलत असतात. असे वाद मी कॉफीच्या टेबलावर खूप ऐकलेत. शिवाय बोटीवर लावलेला स्पीडोमीटर पाण्याच्या दाबावर चालायचा आणि मालकाला खूष ठेवण्याकडे त्याचा कल असायचा. आजोबांचा ६० तिथून आला असेल तर तीन-चार मैल कमी करा.

वर्गाचा गोंधळ याहून मोठा. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन ही संस्था १९०३ सालची. आऊटबोर्डांचे वर्ग सिलिंडरच्या आकारमानावर, घनइंचांत, ठरायचे: ए साधारण १५ पर्यंत, बी २० पर्यंत, सी ३०, डी ४०, एफ ६०. तुमचं इंजिन बी वर्गातलं. पण 'बी' एवढ्याने काही कळत नाही. हायड्रोप्लेन की रनअबाऊट? रनअबाऊट म्हणजे स्पॉन्सन नसलेली, सलग तळाची बोट. ती त्याच इंजिनावर हायड्रोपेक्षा सावकाश. आणि स्टॉक की अल्कोहोलवाला वर्ग? चाळिशीच्या दशकाच्या शेवटी स्टॉक वर्ग आले. दुकानातून घेतलेलं इंजिन हात न लावता पळवायचं, पेट्रोल आणि साध्या ऑईलवर. शर्यत संपली की जिंकलेल्याचं इंजिन तपासनीस तिथेच खोलायचे, पोर्ट (सिलिंडरमधली इंधन आत आणि धूर बाहेर जाण्याची भोकं) मोजायचे, आणि काठावरचे सगळे मान उंचावून बघायचे. खूप जणांच्या आठवणीत करंडक मिळाल्याच्या क्षणापेक्षा ही तपासणीच जास्त ठसठशीत असते.

इथे एरंडेलाचा वास कामाला येतो. अल्कोहोलच्या वर्गात इंधन मिथेनॉल असायचं. मिथेनॉलमध्ये खनिज तेल मिसळत नाही, एरंडेल मिसळतं, आणि बेअरिंगवर त्याचा थर चिवट बसतो. म्हणून त्या इंजिनांना एरंडेल. (लहानपणी सकाळी सकाळी नाक दाबून पाजलेलं एरंडेल आठवणाऱ्यांना हे हसू आणणारं आहे, पण जळलेल्या एरंडेलाचा वास खरंच छान असतो.) तर आजोबा एरंडेलाची आठवण सांगतात याचे दोन अर्थ होतात. एक तर ते स्टॉकमध्ये पळत होते आणि शेजारच्या पिटमधल्या (काठावर बोटी तयार करायच्या जागेतल्या) अल्कोहोलवाल्यांचा वास त्यांना आठवतोय. नाहीतर त्यांनी हेच इंजिन नंतर अल्कोहोलवर बदलून घेतलं होतं. दुसरी शक्यता खरी असेल तर ६० हा आकडा मामुली ठरतो आणि इंजिनाच्या पोटात काय असेल याचाही अंदाज बदलतो. ते पुढे सांगतो.

घड्याळाची आठवण शंभर टक्के खरी आहे, आणि मला विचाराल तर या शर्यतींचं मर्म तिथेच होतं. बोटी एका रेषेत उभ्या करून सोडायची सोय पाण्यावर नाही. त्यात या इंजिनांना न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. दोरी फ्लायव्हीलला (इंजिनाच्या माथ्यावरच्या जड चाकाला) गुंडाळायची, मदतनीस कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बोटीचा मागचा भाग उचलून धरायचे, दोरी ओढली आणि इंजिन पेटलं की बोट खाली आणि तुम्ही निघालात. थांबायचं म्हणजे इंजिन बंद. म्हणून सुरुवात धावती असायची. काठावर सगळ्यांना दिसेल असं मोठं घड्याळ, आणि शेवटच्या मिनिटाला त्याचा काटा फिरू लागायचा. सगळ्या बोटी मागे घिरट्या घालत राहायच्या आणि काटा शून्यावर यायच्या क्षणी पूर्ण वेगाने रेषा ओलांडायचा प्रयत्न करायच्या. एक सेकंद आधी ओलांडली तर बाद. एक सेकंद उशीर झाला तर पुढच्याच्या फवाऱ्यात आंधळं होऊन पहिलं वळण घ्यायचं. त्यामुळे इंजिन थोडं कमी पण डोक्यात घड्याळ पक्कं, असे लोक जिंकायचे.

एक शर्यत दोन भागांत व्हायची, प्रत्येक भाग म्हणजे एक हीट. पहिल्याला ४०० गुण, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २२५, चौथ्याला १६९. एकजण एका हीटमध्ये पहिला आणि दुसरीत दुसरा, दुसरा त्याच्या उलट, तर दोघांचे ७०० होतात आणि मग दोन्ही हीटचा एकूण वेळ बघतात. आजोबांना विचारा, "किती गुणांनी जिंकलात?" उत्तरात ४०० आणि ३०० आले तर समजा माणूस खरोखर पाण्यात होता.

चालक बसायचा नाही, गुडघ्यांवर असायचा. उजवा हात चाकावर, डाव्यात दाबून धरायचा थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची कळ. हात सुटला की स्प्रिंगने थ्रॉटल बंद. बाहेर फेकला गेला तर बोट त्याच्याच अंगावर वळून येऊ नये म्हणून ही सोय. वळणं डावीकडची, घड्याळाच्या उलट. आजोबांचे गुडघे आज दुखत असतील तर त्याचं कारण वयाइतकंच हेही असू शकतं.

याआधीच्या पिढीचं थोडं सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की आजोबांचे वडील 'चार सिलिंडरच्या राक्षसा'बद्दल बोलायचे. तुमचा प्रांतच या इतिहासाचं माहेर. मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये विकायला काढलेलं आऊटबोर्ड दीड अश्वशक्तीचं होतं, वल्ही मारण्याचे कष्ट वाचवणारं. शर्यतीचा त्यात विचारही नव्हता. १९२० च्या दशकात इंडियानातल्या जॉन्सन बंधूंनी हलकी इंजिनं आणली, एव्हिनरूडने 'एल्टो' नावाचं इंजिन आणलं, आणि बोट पाणी कापण्याऐवजी पाण्यावर घसरायला लागली. मग कोण पुढे जातो हे बघायचा मोह कोणाला आवरणार! तीसच्या दशकातलं ६० घनइंचांचं 'फोर-सिक्स्टी' हाच बहुधा तो राक्षस, एफ वर्गातला. सायलेन्सर नाही, चार उघडी नळकांडी. आल्बनीहून न्यूयॉर्कपर्यंत हडसन नदीतून सुमारे १३० मैलांची मॅरेथॉन व्हायची, तिथे वाहत्या लाकडांनी आणि जहाजांच्या लाटांनी निम्म्या बोटी वाटेतच गारद. युद्धानंतर मोठ्या कंपन्यांनी खास शर्यतीची इंजिनं करणं सोडलं आणि ती जागा तुमच्याच राज्यातल्या सीडरबर्गच्या कार्ल कीकहेफरने घेतली. त्याने १९३९ मध्ये एक बुडता कारखाना घेतला होता, त्यातून मर्क्युरी उभी राहिली. इतरांच्या इंजिनांत साधे बुश असत तिथे त्याने बॉल आणि रोलर बेअरिंग घातली, त्यामुळे त्याची इंजिनं जास्त फिरायची. चाळिशीच्या शेवटी आलेल्या 'सुपर १०' वर दहा अश्वशक्ती लिहिलेलं असायचं आणि प्रत्यक्षात ती बरीच जास्त द्यायची. म्हणजे त्या काळात इंजिनावरचा आकडा कमी सांगणारा निघायचा, आणि आपण मात्र संशय घेतो म्हाताऱ्यांवर.

१९५८ मध्ये ह्यू एन्ट्रॉप या शर्यतपटूने सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टनवर मर्क्युरीच्या इंजिनावर ताशी १०७ मैलांवर सरळ धाव नोंदवली. दोन वर्षांनी लेक हवासूवर त्यानेच एव्हिनरूडच्या इंजिनावर जवळपास १२३ गाठले. त्या वातावरणात बी वर्गात ६० हा चांगल्या क्लब रेसरचा आकडा आहे, विश्वविक्रमाचा नव्हे. कोणी त्याच स्टॉक इंजिनावर ८० सांगितले असते तर मी भुवया उंचावल्या असत्या. मुंबईत २०१७ च्या मार्चमध्ये मरीन ड्राईव्हसमोर पॉवरबोटी धावल्या, त्या पाहिलेल्यांनी तो नमुना इथे लावू नये. समुद्राच्या लाटांसाठी केलेल्या त्या मोठ्या बोटी आणि मोठी इंजिनं, हा प्रकारच निराळा.

इथपर्यंतचा निकाल: इंजिन स्टॉक, बोट हायड्रो, मोजमाप सरळ धावेचं, पाणी शांत, चालक हलका, तर ६० पटण्यासारखे. यातलं एक बदललं की आकडा बदलतो.

आता चालू करण्याबद्दल. घाई नको. पिंपात बुडवून तर मुळीच नको. या खालच्या भागात पाण्याचा पंप नसतो, वेगात पुढून घुसणारं पाणीच इंजिन थंड करतं. जागेवर उभं चालवलं की पाणी वर चढत नाही आणि पिस्टन काही क्षणांत सिलिंडरमध्ये अडकून बसतो. पाण्याबाहेर तर भार नसल्याने फेऱ्या बेफाम वाढतात.

दोरी ओढण्याआधी प्लग काढा. सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस राहू द्या आणि मग फ्लायव्हील हाताने हळू फिरवा. अडकलं तर जोर लावू नका. एरंडेल वर्षानुवर्षं पडून राहिलं की वॉर्निशसारखा टणक थर होतो आणि पिस्टनची अडकलेली रिंग जोराने मोडते. अल्कोहोलमध्ये भिजवून तो सुटतो, वेळ लागतो. मॅग्नेटोच्या (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या) कॉइलची आवरणं तडकलेली असणार, ती बदलावी लागतील. गिअरकेसचं तेल काढून बघा. दुधाळ निघालं तर सील गेलेत आणि गिअर गंजलेत का ते खोलूनच कळेल. या इंजिनांचे भाग आजही जुन्या आऊटबोर्डांच्या क्लबांमध्ये मिळतात, पण स्वस्त नसतात. खरे शर्यतीचे प्रोपेलर तर लोक जपून ठेवतात.

हे इंजिन तुमच्या मासेमारीच्या बोटीवर लावून बघायचा विचार मनात असेल तर तो सोडा. एवढा पिच आणि एकास एक गिअर असताना जड बोट पाण्यावर चढणारच नाही. इंजिन गुदमरेल आणि तापेल.

बोटीचं काय करायचं हे तिच्या अवस्थेवर आहे. पातळ प्लायवूड, जुना गोंद. बाहेरून रंग चकाकतो आणि आतल्या पट्ट्या सुटलेल्या असतात. मागची फळी आणि स्पॉन्सन जिथे जोडलेत ते कोपरे आतून टोचून बघा. सुरी रुतली तर ती बोट भिंतीवर टांगायची, पाण्यात नाही. लाकूड पक्कं निघालं तरी पहिली फेरी जुन्या शर्यतींच्या मेळाव्यात, सुरक्षा बोट हजर असताना, हेल्मेट आणि मनगटाला दोरीने जोडलेलं इंजिन बंद करायचं बटण लावून. त्या काळी ही बटणं नव्हती म्हणून आपणही वापरायचं नाही, असं काही नाही.

हे सगळं करायच्या आधी एक काम करा, कारण इंजिन थांबेल पण आजोबा नव्वदीकडे आहेत. फोनवर रेकॉर्डिंग लावून त्यांच्याबरोबर गॅरेजमध्ये उभे राहा आणि आकडे विचारू नका, वस्तू हातात द्या. हा प्रोपेलर कुठल्या तळ्यावर वापरायचात? ही पट्टी कधी घालायची? घड्याळाचा काटा कुठे असताना थ्रॉटल पूर्ण दाबायचात? इंधनात काय आणि किती प्रमाणात? तपासनिसाने कधी काय पकडलं? लेक विनेबागोभोवतीच्या मॅरेथॉनला गेला होतात का आणि कुठे बंद पडलात? 'किती वेगाने' या प्रश्नाला माणूस ठरीव उत्तर देतो, पण हातात प्रोपेलर आला की बोटं आपोआप धारेवर फिरतात आणि कुठल्या दगडाला तो घासला होता तेही आठवतं. इंजिनाच्या पाटीवरचा क्रमांक आणि प्रोपेलरवर कोरलेले आकडे यांचे फोटो इथे टाकलेत, तर पिच नक्की किती आणि हे इंजिन कारखान्यातूनच 'एच' म्हणून निघालं की नंतर जोडलं गेलं, ते मी पाहून सांगतो.